रायफल घेताना पॉलिश नको, लाकडाखालचं लोखंड बघा

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचा प्रश्न आहे. वडिलांची जुनी रायफल निकामी झाली. रीतसर परवानगी घेऊन तिच्या जागी दुसरी घ्यायची आहे. विक्रेत्याकडे दोन बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली आहेत. एक ईशापूरच्या सरकारी कारखान्याची नवी .३१५ बोअरची (हा आकडा नळीच्या मापाचा), हाताला जरा खडबडीत. दुसरी जुनी परदेशी, माउझर पद्धतीची .३०-०६, आरशासारखी चकाकणारी. ते विचारतात, "यातली पक्क्या बांधणीची कोणती, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं?"

बंदुका दुरुस्त करण्यात माझी हयात गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रायफलची बांधणी तीन ठिकाणी कळते: बोल्ट, म्हणजे मूठ धरून मागे-पुढे करायचा दांडा, जिथे कुलपात बसतो तिथे, नळीच्या आत, आणि लोखंड लाकडावर जिथे टेकतं तिथे. बाहेरची चकाकी यातल्या कशाबद्दलच काही सांगत नाही. देशावर कोरड्या हवेत पहिल्या दोन गोष्टी बघून भागतं. आपल्या किनाऱ्यावर तिसरी सगळ्यात जड.

त्याआधी कायद्याचं थोडक्यात. दुकानात अशा रायफलीला "शिकारी रायफल" म्हणतात, ते नुसतं मालाचं नाव आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे शिकार बंद आहे. रानडुक्कर बागेत घुसलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी माणसं कोर्टात गेली आहेत. दुसरं म्हणजे .३०-०६ची गोळी कोन मिळाला तर तीन किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्या वाड्या एकमेकींना लागून, बांध जांभ्या दगडाचे, त्यावर गोळी आपटून कुठेही वळते. बागेच्या राखणीला एकनळी बारा बोअर जास्त शहाणपणाची, असं माझं ठाम मत आहे. पण रायफलच घ्यायची ठरली असेल, तर ती नीट पारखून घ्या.

दोन्ही रायफलींची जातकुळी वेगळी आहे. .३१५चं काडतूस मूळचं ऑस्ट्रियन, ८ मिलिमीटर मॅनलिखर. इंग्रजांच्या काळात .३०३सारखे लष्करी बोअर नागरिकांना मिळत नसत, म्हणून हे इथे रुजलं आणि टिकलं. त्याची देशी रायफल ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या धाटणीची. तिच्या बोल्टचे अडसर, म्हणजे लग, मागच्या बाजूला असतात. माउझरने १८९८मध्ये जी रचना पक्की केली तिच्यात दोन मोठे लग बोल्टच्या तोंडाशी असतात आणि मागे तिसरा, नुसता सुरक्षेसाठी. कागदावर माउझर जास्त ताठ आणि जास्त दाब सोसणारी. पण .३१५च्या काडतुसाचा दाब मुळातच कमी, त्यामुळे ली पद्धत तिथे कमी पडत नाही. तेव्हा कोणती रचना श्रेष्ठ हा वाद बाजूला ठेवा. तुमच्यासमोरचा नग कसा आहे, एवढंच बघा.

आधी रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, बोट घालून बघा. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, निघत असेल तर काढा, नसेल तर तीही रिकामी आहे का बघा. विक्रेत्याने "रिकामी आहे" म्हटलं तरीही.

आता बोल्ट. उघडा असताना माउझरचा बोल्ट बराच डुलतो. लोक त्याला झीज समजतात, पण तो दोष नाही. बंद झाल्यावर मात्र त्यात खेळ राहता कामा नये. लग खरंच टेकतात का, हे बघायला आमच्याकडे जुनी पद्धत आहे. बोल्टमधली स्प्रिंग आणि फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते पेटवणारी सुई) काढायची. रॉकेलच्या चिमणीवर धरून लगांच्या मागच्या बाजूवर काजळी चढवायची. बोल्ट आत घालून किंचित मागे ओढून धरायचा आणि मूठ चार-पाच वेळा वर-खाली फिरवायची. मग बाहेर काढून उजेडात बघायचं. दोन्ही लगांवरची काजळी सारखी पुसली गेली असेल तर काम चोख. एकावर लखलखीत घासलेलं आणि दुसऱ्यावर काजळी जशीच्या तशी असेल, तर सगळा धक्का एकच लग खातोय. मी टेबलावर घेतलेल्या नव्या रायफलींतही हे सापडलं आहे आणि फार जुन्या रायफली यात अव्वल निघाल्या आहेत. ली पद्धतीत एका बाजूला लग आणि दुसऱ्या बाजूला लांब पट्टी टेकते, तिथेही हीच परीक्षा. विक्रेत्याकडे परवानाधारक कारागीर सहसा असतो. त्याला हे तुमच्यासमोर करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

याचंच पुढचं पाऊल म्हणजे हेडस्पेस. बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं माप. .३१५ काडतुसाला खाली रुंद कडा असते, ते त्या कडेवर अडतं. .३०-०६ला तशी कडा नाही, ते खांद्यावर, म्हणजे काडतूस निमुळतं होतं तिथे, अडतं. माप तपासायला दोन गेज, म्हणजे ठरावीक मापाचे ठोकळे, असतात. "गो"वर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि "नो-गो"वर होता कामा नये. बोल्ट बोटांच्या हलक्या दाबानेच फिरवायचा, जोर लावला तर गेज आणि चेंबर दोन्ही खराब होतात. गेज नसेल तर त्याच रायफलीतून उडालेली रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, मागून घ्या आणि बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर बघा. तिथे पितळावर चकचकीत कडं दिसत असेल तर केस ताणली जातेय. टोक वाकवलेली बारीक तार केसच्या आत घालून भिंतीवरून वर-खाली फिरवा, त्याच जागी खाच लागते. अशी केस एखाद दिवशी आतच तुटते आणि तापलेला वायू तोंडाकडे येतो. ली पद्धतीत बोल्टचं डोकं वेगळं, स्क्रूने बसणारं असतं. ते बदलून कारागीर माप जुळवू शकतो. माउझरमध्ये हे काम खर्चाचं. लगांच्या बैठकीच दबल्या असतील तर ती रायफल परत द्या. त्यावर इलाज नाही.

नळी बघताना बोल्ट काढून, कोरड्या चिंध्यांनी आतलं सगळं तेल पुसून मग बघा. तेलाने भरलेली नळी नेहमीच सुंदर दिसते. नळीत कोरलेल्या पिळदार चरांच्या कडा धारदार हव्यात, चेंबरच्या पुढच्या दोन-तीन इंचांतही. झीज तिथूनच सुरू होते. मग नळी दाराच्या चौकटीकडे रोखून आत पडलेली सावलीची रेघ बघा. रेघ सरळ गेली तर नळी सरळ, मध्येच वाकली तर नळी कधीतरी आपटलेली आहे. नळीचं तोंडही भिंगातून तपासा. लोखंडी गज तोंडाकडून घालून साफ करणाऱ्यांनी तिथली कड एका बाजूला घासून टाकलेली असते. गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्या कडेचा. ती लंबगोल झाली की आतली उत्तम नळीही फुकट. तोंड कापून आखूड केल्यासारखं वाटलं, माशी (नेम धरायचा पुढचा खुंट) नव्याने डाग देऊन बसवलेली दिसली, तर तिथेच थांबा. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र अधिनियम १९५९खाली गुन्हा आहे. तो वारसा विकत घेऊ नका.

जुन्या रायफलीच्या नळीत बारीक खड्ड्यांचे पट्टे दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा जुन्या काडतुसांच्या कॅप, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, असतात. त्यांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन ते नळीत बसतं. ते एक प्रकारचं मीठच, हवेतलं पाणी ओढून घेतं. तेलाने ते विरघळत नाही, गरम पाण्यानेच धुवावं लागतं. संध्याकाळी बार केला आणि "उद्या साफ करू" म्हटलं, तर आपल्या हवेत सकाळी गंज दिसतो. थोडेफार खड्डे असले म्हणून रायफल टाकाऊ होत नाही, कितीतरी अशा नळ्या ५० मीटरवर नेमक्या मारतात. पण खड्डे चेंबरमध्ये असतील तर रिकामी केस अडकून बसते. तिथे सवलत देऊ नका.

आता लाकूड. इथे घाई करू नका, कारण आपल्याकडे रायफल बिघडते ती मुख्यतः इथे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात दस्ता, म्हणजे रायफलीचं लाकूड, फुगतो, लोखंड त्याला आवळून धरणारा स्क्रू मात्र तेवढाच राहतो, मग स्क्रूखालचं लाकूड चेपलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये तेच लाकूड आकसतं आणि तोच स्क्रू सैल पडतो. मे महिन्यात नेमकी मारणारी रायफल ऑगस्टमध्ये हातभर बाजूला का मारते, असं विचारत माझ्याकडे माणसं येतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. पुढचं लाकूड पिळवटून नळीला एका बाजूने ढकलत असतं.

म्हणून विक्रेत्याला सांगा, "रायफल लाकडातून बाहेर काढून दाखवा." नळी आणि यंत्रणा उचलली की तीन गोष्टी बघा. पहिली, लाकडाची आतली बाजू तेल किंवा सीलरने बंद केलेली आहे का. बाहेर झक्क पॉलिश आणि आत कोरं पांढरं लाकूड, हा प्रकार महागड्या रायफलींतही दिसतो. बुडाची पट्टी काढून तिथलंही बघा. तिथे लाकडाच्या रेषांची उघडी टोकं असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तिथून शिरतं. ज्या कारागिराने तिथेही तेल मुरवलंय, त्याने बाकीचं काम मन लावून केलं असणार. माझा हा ठोकताळा सहसा चुकत नाही. दुसरी, धक्का झेलणारा खांदा लाकडावर कुठे टेकतो त्याचे ठसे. माउझरमध्ये तो पुढे असतो, ली पद्धतीत लाकडाच्या मागच्या भागातल्या दोन कोपऱ्यांवर धक्का येतो. ठसे दोन्हीकडे सारखे हवेत. एकाच कोपऱ्यावर काळा, दबलेला डाग असेल तर दस्ता तिथून चिरत जाणार. बोल्टच्या मागे, मानेच्या सुरुवातीला केसाएवढी चीर आहे का, ते नखाने तपासा. मानेतून लाकडाच्या रेषा लांबीने गेलेल्या हव्यात. तिरप्या बाहेर पडत असतील तर दस्ता किती का देखणा असेना, पडला की मोडणार. तिसरी, लाकडाआड राहिलेलं लोखंड. नळीच्या पोटावर, लाकडाच्या रेषेखाली गंजाने खाल्लेले खळगे हे जुन्या रायफलीचं खरं वय. वरून नवं काळं पॉलिश चढवणाऱ्यांना तिथवर सहसा पोचता येत नाही.

सगळं परत बसवल्यावर आणखी एक करून बघा. डाव्या हाताची बोटं अशी धरा की टोकं नळीवर आणि लाकडाच्या कडेवर एकदम टेकतील. कोणालातरी पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायला सांगा. नळी लाकडातून वर उचलल्यासारखी बोटांना जाणवली, तर यंत्रणा ताणाखाली वाकून बसवलेली आहे. काहीच हललं नाही तर बैठक चांगली. नळी मोकळी ठेवलेली रायफल असेल तर कागदाची पट्टी नळीखालून तोंडापासून चेंबरजवळपर्यंत अडथळ्याशिवाय सरकली पाहिजे. आपल्या हवेसाठी मी त्याहून थोडी जास्त फट ठेवतो, पोस्टकार्डाएवढी. मात्र काही रायफलींत पुढच्या टोकाला मुद्दाम दाब दिलेला असतो, लीच्या घराण्यात तर असतोच. तिथे फट शोधत बसू नका, दाब मधोमध आहे की बाजूला, एवढंच बघा.

फायबरचा दस्ता फुगत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण स्वस्तातल्या दस्त्याचं पुढचं टोक हाताने दाबलं की नळीला टेकतं. तसं झालं तर लाकडाचा रोग दुसऱ्या वाटेने आला. स्टेनलेस नळीबद्दलही गैरसमज आहे. होड्यांवर जे स्टेनलेस वापरतात ते ३१६ जातीचं. रायफलीच्या नळ्या बहुधा ४१६च्या, कारण ते कापायला सोपं. त्यात गंधक असतं आणि खाऱ्या हवेत त्यावरही तांबूस ठिपके येतात. काळ्या नळीपेक्षा उशिरा गंजते, एवढंच. आणि काळं पॉलिश म्हणजे रंग नव्हे, लोखंडाच्याच ऑक्साइडचा पापुद्रा. तो तेल धरून ठेवतो, स्वतः फारसं रक्षण करत नाही.

चकाकणाऱ्या जुन्या रायफलीची अक्षरं वाचून बघा. कारखान्याचं नाव आणि प्रूफ हाउसचे शिक्के पुसट, कोपरे गोल झालेले, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा: म्हणजे कोणीतरी गंज घालवायला चाकावर घासून पॉलिश केलंय. प्रूफचा शिक्का म्हणजे जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासल्याची खूण. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३पासून हे काम करतंय. तो शिक्का वाचता येत नसेल तर किंमत पाडून मागायचीही गरज नाही, तो नग घेऊच नका. बोल्टवर आणि रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्या लोखंडी घरात सरकतो त्यावर, नंबर असतील तर ते जुळले पाहिजेत. न जुळणं म्हणजे दुसऱ्या रायफलीचा बोल्ट, मग वरची काजळीची आणि गेजची परीक्षा सक्तीची. रिसीव्हरवरचा नंबर कागदपत्रांशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा.

सेफ्टीची परीक्षा सोपी आहे, पण दुकानात फार थोडे लोक ती करतात. रिकामा बोल्ट बंद करा, सेफ्टी लावा, चाप चांगला जोरात ओढा आणि सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन सुटली तर ती रायफल घातक आहे. मग कॉक करून (पिन ताणून) बुडाने रबरी चटईवर दोन-चार वेळा आपटा, बोल्ट जोराने पुढे लोटून बंद करा. कधीही सुटता कामा नये. चापाचं वजन दीड ते दोन किलो असावं. त्याहून हलका चाप रेंजवर आवडतो, पण काळोखात बागेत दमलेल्या हातांना तो नको.

मॅगझिन डमी, म्हणजे बिनदारूच्या, काडतुसांनी भरून, रायफल खांद्याला लावून, पूर्ण वेगाने बोल्ट चालवा. हळू चालवलं की सगळ्याच रायफली गुळगुळीत वाटतात. .३१५मध्ये एक मेख आहे. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे यायला हवी. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. तो रायफलचा दोष नाही, भरणाऱ्याचा आहे.

यंत्रकामाच्या खुणांबद्दल लोक फार बिचकतात. बोल्ट ज्या वाटेने सरकतो तिथे कटरच्या रेघा असल्या तरी हरकत नाही, वापराने त्या गुळगुळीत होतात. ईशापूरच्या नव्या रायफलीत तुम्हाला खडबडीत वाटलं ते बहुधा हेच असेल. लगांच्या तोंडावर, चेंबरमध्ये आणि चापाच्या सिअरवर (पिन अडवून धरणाऱ्या दातावर) मात्र रेघ चालत नाही. खडबडीतपणा कुठे आहे, यावर सगळं ठरतं.

तुमच्या दोन रायफलींबद्दल माझं मत असं. दोन्ही वरच्या परीक्षांत सारख्या उतरल्या तरी मी .३१५ घेईन. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. त्यामुळे जुन्या माउझरची एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे रिकामी केस बाहेर ओढणारी, पट्टी मोडली तर भाग शोधत फिरावं लागतं किंवा कारागिराकडून घडवून घ्यावा लागतो. देशी रायफलीचे भाग आणि काडतुसं त्या मानाने मिळतात. माउझरची बैठक, नळी आणि शिक्के सगळं निर्दोष निघालं, तर ती बांधणीने वरचढ ठरेल हे मी नाकारत नाही. अशी एखादी हातात आली की सोडवत नाही. पण चकाकीमुळे मला तिच्याबद्दल आधीच शंका आहे.

पैसे देण्याआधी शक्य असेल तर रायफल क्लबच्या रेंजवर तिच्यातून गोळ्या मारून बघा. तीन गोळ्यांचा गट छान आला म्हणून खूश होऊ नका, पाच मारा, आणि थंड नळीतली पहिली गोळी कुठे गेली ते वेगळं लिहून ठेवा. नळी तापत जाते तशा गोळ्या एका दिशेने सरकत गेल्या, तर पुन्हा लाकडाकडे बघा.

घेतल्यावर कातडी किंवा कापडी खोळीत ठेवू नका, खोळ दमट हवा धरून ठेवते. कपाटात नळीचं तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर आदल्या दिवशी नळीत आणि बाहेर घट्ट ग्रीस लावून द्या, पावती घ्या, आणि परत आल्यावर ग्रीस पूर्ण पुसल्याशिवाय बार करू नका. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी ती बाहेर काढालच. तेव्हा पाऊस नुकताच सरलेला असतो. त्याच दिवशी दोन्ही स्क्रू तपासा, लाकडातून काढून नळीचं पोट पुसा आणि आतल्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या.